आधीच विसर होता, त्यात लकवा झाला: जगण्याची शक्यता नेमकी कशानं घटते?

पांजराकाठ (धागाकर्ता)

लकव्याचा पेशंट दवाखान्यात आणला की नातेवाइकांना तीन गोष्टी हमखास विचारल्या जातात. कधी झालं, बीपी-शुगर आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. चौथा प्रश्न बहुतेकदा राहून जातो: हे व्हायच्या आधी माणूस डोक्यानं कसा होता? पैशांचा व्यवहार स्वतः बघायचा का, ओळखीच्या रस्त्यावर चुकायचा का, अंघोळीला कुणी लागायचं का. पुढच्या वर्षभराचा अंदाज या उत्तरावर बराच अवलंबून असतो, म्हणून हा धागा.

ऑक्सफर्डच्या पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी २००९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिला स्ट्रोक (लकवा) झालेल्या दर दहांपैकी सुमारे एकाला आधीपासूनच स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया, म्हणजे आजार म्हणून आलेला विसर) होता. आणखी एकाला पहिल्या स्ट्रोकनंतर लवकरच नव्यानं झाला. पुन्हा पुन्हा स्ट्रोक झालेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर होतं. आपल्याकडे धुळे, जळगाव, नंदुरबारात 'वय झालं, विसरणारच' म्हणून निदानच होत नाही. त्यामुळे केसपेपरवर असा पेशंट सापडत नाही, वॉर्डात मात्र असतो.

असे पेशंट स्ट्रोकनंतर जास्त दगावतात हे अनेक देशांत दिसलंय. कारण एकच नाही. काही भाग मेंदूचा स्वतःचा आहे. वर्षानुवर्षं बीपी-शुगरनं बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात आणि एमआरआयवर पांढऱ्या भागात डाग पसरलेले दिसतात. अशा मेंदूकडे शिल्लक कमी असते, म्हणून रक्ताची लहान गाठही मोठा फटका देते. काही भाग आधीच्या परावलंबनाचा आहे. वय, स्ट्रोकची तीव्रता आणि आधीचं परावलंबन हिशेबात धरलं की विसराचा स्वतंत्र वाटा कमी होतो. उरलेला भाग मात्र आपल्या हातातला आहे: उशिरा आणणं, गिळण्याची तपासणी न करता पाजणं, गोंधळलेल्या माणसाला बांधून ठेवणं, आणि 'आता काय उपयोग' म्हणून उपचारच कमी करणं. चर्चा या शेवटच्या भागावर व्हावी अशी इच्छा आहे.

सातपुडी

फार गरजेचा धागा. नर्सिंगच्या बाजूनं सांगते.

पहिल्या आठवड्यातले मृत्यू बहुतेक स्ट्रोकमुळेच असतात: मेंदूची सूज, मोठा रक्तस्राव. त्यानंतरच्या आठवड्यांत न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, पायातली गाठ सुटून फुप्फुसात जाणं, पाठीच्या जखमा ही कारणं पुढे येतात. आधीचा विसर असलेला पेशंट या दुसऱ्या टप्प्यात जास्त सापडतो, कारण त्याला सांगता येत नाही. लघवीला जळजळ होतेय, पाठ दुखतेय, घास अडकलाय, हे तो शब्दांत मांडत नाही, फक्त चिडतो किंवा गप्प होतो. म्हणून अचानक शांत झालेला पेशंट 'बरा झोपलाय' असं समजू नका. ताप, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन लगेच मोजा. मिनिटाला २४ च्या वर श्वास चालत असेल तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

लघवीची नळी सोयीची म्हणून ठेवून देतात, ते चुकतं. कारण संपलं की त्याच दिवशी काढायची. नळी खुपते म्हणून विसराचा पेशंट ती ओढतो, रक्त येतं, मग हात बांधतात, हात बांधले की तो आणखी बिथरतो. नळी काढल्यावर दर दोन-तीन तासांनी स्वतःहून भांडं द्या, विचारत बसू नका. आणि शौचाला किती दिवस झाले ते रोज लिहा. तीन दिवसांची बद्धकोष्ठताही माणसाला बरळायला लावते.

कूस दर दोन तासांनी बदलायची. वॉटरबेड किंवा एअरबेड घेतला म्हणून यातून सुटका नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, रेक्झिनची गादी घामानं भिजते आणि माकडहाडाजवळची कातडी दोन दिवसांत सोलते. गादीवर सुती चादर दुहेरी घाला, ओली झाली की बदला.

केळीबाग_रावेर

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. विसर असलेल्या माणसाला गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन देत नाहीत असं गावाकडे ठाम मानतात. वय ८० च्या पुढे असेल तर नातेवाईकच नको म्हणतात. हे बरोबर आहे का?

पांजराकाठ

भाऊ, स्मृतिभ्रंश हे इंजेक्शन नाकारण्याचं कारण नाही. ८० च्या पुढचं वयही एकटं कारण होत नाही.

लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून आणि बीपी १८५/११० च्या खाली आणून हे देतात. अल्टेप्लेज नावाचं इंजेक्शन असेल तर वजनाच्या किलोमागे ०.९ मिग्रॅ, जास्तीत जास्त ९० मिग्रॅ. त्यातला दहावा भाग एकदम आणि उरलेला तासाभरात. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ज्यांना स्मृतिभ्रंश होता आणि ज्यांना नव्हता त्यांच्या तीन महिन्यांतल्या मृत्यूंत आणि मेंदूतल्या रक्तस्रावात लक्षणीय फरक दिसला नाही. स्वावलंबन मात्र स्मृतिभ्रंशवाल्यांना कमी परत मिळालं. दोन्ही गोष्टी घरच्यांना सांगायला हव्यात, एकच सांगून भागत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. काहींच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचलेलं असतं. त्या ठिसूळ होतात आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात आपोआप रक्त झिरपतं. आधीच्या एमआरआयमध्ये असे अनेक बारीक ठिपके नोंदलेले असतील तर धोका वाढतो. म्हणून जुना एमआरआय घरी असेल तर फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही सोबत आणा.

प्रत्यक्षात या पेशंटचं इंजेक्शन चुकतं ते वेळ कळत नाही म्हणून. सकाळी उठवायला गेले तेव्हा तोंड वाकडं दिसलं, पण शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? कुणालाच सांगता येत नाही. विसराचा माणूस स्वतः सांगू शकत नाही, एकटा खोलीत असतो, आणि बोबडं बोलला तर 'आज जरा जास्तच भरकटलेत' म्हणून दुपारपर्यंत वाट बघतात. ज्या घरात असा माणूस आहे त्यांनी रात्री झोपताना आणि पहाटे एकदा दोन वाक्यं बोलून, दोन्ही हात वर करायला लावून बघावं आणि वेळ लक्षात ठेवावी. बदल दिसला की लगेच १०८. धडगाव-मोलगीकडून घाट उतरण्यातच एवढा वेळ जातो की घरी अर्धा तास वाट बघणंही परवडत नाही. आणि साडेचार तास उलटले म्हणून घरी बसू नका. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गाठ तारेनं काढता येते.

डॉक्टर मंडळींसाठी एक बारीक गोष्ट. एनआयएच स्ट्रोक स्केलमध्ये (स्ट्रोकची तीव्रता मोजण्याची पद्धत, जास्त गुण म्हणजे मोठा स्ट्रोक) महिना आणि वय विचारण्याचे दोन गुण आहेत, दोन आज्ञा पाळण्याचे आणखी दोन. ज्याला आधीच महिना सांगता येत नव्हता त्याचे हे गुण स्ट्रोकचे नाहीत. आकडा नियमाप्रमाणेच लिहा, पण शेजारी आधीची स्थिती नोंदवा. नाहीतर स्ट्रोक आहे त्यापेक्षा मोठा वाटतो आणि आशा लवकर सोडली जाते.

दादर_ज्वारी

औषधांच्या बाजूनं भर घालतो. इंजेक्शन अडण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली ते माहीत नसणं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) करून कळतं, १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन टाळतात. ॲपिक्सॅबान, रिव्हरोक्सॅबान, डॅबिगॅट्रान यांचं तसं नाही, नेहमीच्या तपासणीत ती नीट दिसत नाहीत आणि ४८ तासांत घेतली असतील तर सहसा इंजेक्शन देत नाहीत. विसराचा माणूस 'घेतली' म्हणतो, पण घेतलेली नसते. कधी दोनदा घेतलेली असते.

म्हणून दवाखान्यात येताना नुसती नावं सांगू नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. १० च्या दोन पट्ट्या, दिवसाला २, बिल १ तारखेचं, आज ८ तारीख म्हणजे १४ च्या आसपास गोळ्या जायला हव्या होत्या. पट्ट्यांत जास्त उरल्या तर माणूस गोळ्या चुकवत होता, आणि कदाचित स्ट्रोकचं कारणही तेच.

हृदयाचे ठोके अनियमित आणि जोडीला विसर असेल तर 'पडेल, रक्त जाईल' म्हणून पातळ करणारी गोळी बंद करून टाकतात. पडण्याची भीती एकटीच तिच्या बंदीसाठी पुरेशी नाही. डोसही मनानं अर्धा करू नये. ॲपिक्सॅबान ५ ऐवजी २.५ मिग्रॅ तेव्हाच, जेव्हा या तिघांपैकी दोन गोष्टी असतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल नळीतून द्यायला फोडू नका. फोडली की औषध प्रमाणाबाहेर शोषलं जातं.

गिरणामाई

गिळण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मृत्यू टाळण्याची सर्वांत मोठी संधी मला इथे दिसते.

तपासणी होईपर्यंत तोंडानं काहीही नाही. चमचाभर पाणी नाही, गंगाजल नाही, गोळीही नाही. ॲस्पिरिन द्यायचं झालं तर गुदद्वारातून किंवा नळीतून देतात.

तपासणी अशी. पेशंट जागा हवा, सरळ बसवता यायला हवा, तोंड स्वच्छ हवं. आधी चमच्यानं ५ मिली पाणी, तीन वेळा. प्रत्येक घोटानंतर कंठमणी वर सरकतोय का ते बोटानं बघायचं आणि 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला, घोगरा झाला तर तिथेच थांबायचं. ठीक असेल तर ९० मिली पाणी न थांबता प्यायला सांगायचं आणि पुढचं एक मिनिट खोकला, ठसका, आवाज बघायचा. विसराच्या पेशंटमध्ये इथे दोन अडचणी येतात. सूचना समजली नाही म्हणून तो नापास ठरतो, त्यामुळे सूचना त्याच्या बोलीत द्या. अहिराणी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत 'गिळा' म्हणण्यापेक्षा घरातल्या सुनेनं पेला हातात देऊन स्वतः पिऊन दाखवलं तर ती लगेच पिते. नंदुरबारकडे पावरी किंवा भिली बोलणारा माणूस सोबत लागतो. दुसरी अडचण उलटी आहे: ठसका न लागता पाणी श्वासनलिकेत उतरतं. त्यामुळे पास झालेल्यावरही तीन दिवस ताप आणि श्वास यांची नजर ठेवा.

भरवताना ९० अंशात बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, कमजोर नसलेल्या बाजूनं. दुसरा घास देण्याआधी तोंड उघडायला लावून गाल बघा. विसराचा माणूस घास गालात धरून विसरतो आणि तो घास अर्ध्या तासानं आडवं केल्यावर घशात उतरतो. असं होत असेल तर ओठाला रिकामा चमचा लावा, त्यानं बहुतेकदा गिळणं सुरू होतं. जेवणानंतर अर्धा तास बसूनच. टीव्ही बंद, माणूस एकच.

आपल्या जेवणातलं काय टाळायचं? शेवभाजी सर्वांत वाईट, कारण पातळ रस्सा आणि कडक शेव एकत्र. रस्सा आधी घसरतो, शेव मागे राहते. कळण्याची भाकरी दुधात कुस्करली तरी कोंडा आणि पाणी वेगळे होतात. भरीत मऊ वाटतं, पण त्यात शेंगदाणे, कच्च्या कांद्याची पात आणि मिरचीचे तुकडे असतात. घोटून, गाळून, तिखट न घालता केलं तर चालतं. मऊ मूगखिचडी दाट घोटून, घट्ट दही, चांगलं पिकलेलं केळ कुस्करून, ज्वारीची दाट आंबील हे चांगलं.

आणि दात. दिवसातून दोनदा ब्रश, जीभ पुसणं, रात्री कवळी काढणं. लाळ फुप्फुसात जाणारच असेल तर ती निदान जंतूंनी भरलेली नसावी. मशेरी लावणाऱ्या आजींच्या हिरड्या आणि गाल बोटाला कापड गुंडाळून रोज साफ करा.

अमळनेरी_फिजिओ

ताईंचा प्रतिसाद छापून वॉर्डात लावण्यासारखा.

डेलिरियमबद्दल, म्हणजे अचानक येणाऱ्या गोंधळाबद्दल, दोन शब्द. स्ट्रोकच्या साधारण चारपैकी एका पेशंटला तो होतो, आधी विसर असेल तर शक्यता बरीच वाढते. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. डेलिरियम तास-दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होतो. 'आधीपासूनच असे आहेत' म्हणून तो सोडून दिला की आतला न्यूमोनिया, सोडियमचा बिघाड किंवा तुंबलेली लघवी सुटून जाते. चष्मा, कानाचं यंत्र, खिडकीजवळची खाट, रात्री दिवे मंद आणि सोबतीला रोज तोच माणूस, एवढ्यानं बरंच आवरतं. सोबतीला माणसं पाळीपाळीनं बदलत राहिली की पेशंटला रोज नवं घर वाटतं.

झोपेसाठी किंवा आवरण्यासाठी प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन देण्याची सवय आहे. त्यानं गोंधळ वाढतो आणि गिळणं मंदावतं. मानसिक आजारावरच्या ओलान्झापीन, रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यू वाढतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २००५ मध्येच दिला होता. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची वेळ आली तरच, कमीत कमी डोस, थोडे दिवस.

व्यायामाबद्दल घाईची उलट बाजू सांगतो. २०१५ च्या ॲव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांतच जोरात, वारंवार उभं केलेल्या पेशंटचे निकाल वाईट आले. पहिल्या दिवशी कुशीवर वळवणं, सांधे हलवणं. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं बसवणं. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या अटेंड चाचणीत (२०१७) घरच्यांना शिकवून घरी केलेल्या पुनर्वसनानं सहा महिन्यांतले मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही. व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. पण त्यावर पैसे संपवून गिळणं, गोळ्या आणि पाठीची काळजी उपाशी ठेवू नका.

केळीबाग_रावेर

खूप उपयोगी. आधी विसर किती होता हे घरच्यांनी नेमकं कसं सांगायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. थोरला म्हणतो ठणठणीत होते, सून म्हणते दोन वर्षं चूल पेटती राहायची.

पांजराकाठ

सूनबाईंचं धरा. जी व्यक्ती रोजचं जेवणखाण बघते तिचं सांगणं सर्वांत जवळचं असतं.

यासाठी आयक्यूकोड नावाची प्रश्नावली आहे, जॉर्म यांची, १९८९ ची. २६ प्रश्न, नंतर १६ प्रश्नांची लहान आवृत्ती आली. पेशंटला काहीच विचारायचं नाही, त्यामुळे बेशुद्ध किंवा वाचा गेलेल्या माणसाचीही होते आणि अक्षरओळख लागत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मानानं आता कसं आहे एवढंच विचारायचं: खूप सुधारलं १, फरक नाही ३, खूप बिघडलं ५. सरासरी काढायची. ३.३ ते ३.६ च्या वर गेली की शंका घ्यायची, ४ च्या पुढे स्मृतिभ्रंश बहुधा होताच. विचारताना मुद्दा इथला हवा. 'नवीन उपकरण वापरता येतं का' याऐवजी मोबाइलवर फोन घेता येतो का, आठवडे बाजारात सुटे पैसे बरोबर येतात का, कोणत्या शेतात काय पेरलंय ते आठवतं का. आणि बजावून सांगायचं: लकवा होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंतचं सांगा, आजचं नाही. सर्वांत जास्त चूक तिथेच होते.

पेशंटची स्वतःची स्मृतिचाचणी पहिल्या आठवड्यात करू नका. तीन महिन्यांनी करा. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी बल्लभगढला तयार झालेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन हा नमुना समोर ठेवला तर लिहिणं-वाचणं न येण्याचे गुण कापले जात नाहीत. बी१२ आणि थायरॉइड मात्र दाखल असतानाच तपासा. आधीच्या 'विसरा'चा काही भाग तिथे दुरुस्त होतो.

केळीबाग_रावेर

शेवटचं आणि अवघड. ज्यांना आधीच घरचे ओळखू येत नव्हते, त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं का?

पांजराकाठ

हे आधीच्या स्थितीवर ठरवावं, 'डिमेन्शिया' या शब्दावर नाही. विसर होता, पण स्वतः चालत मंदिरात जाऊन परत यायचे, हातानं जेवायचे, तर इतर कुणालाही देऊ तेवढे पूर्ण उपचार. वर्षभर अंथरुणावर, बोलणं बंद, घास भरवावा लागायचा आणि त्यात मोठा स्ट्रोक, तर नळ्या आणि व्हेंटिलेटर बहुधा त्रासच लांबवतात. तिथे वेदना, श्वास, तोंडाचा कोरडेपणा यांची काळजी हाच उपचार, आणि तो नीट केला पाहिजे. मधल्या लोकांसाठी मी मुदत ठरवतो: तीन ते सात दिवस पूर्ण उपचार, मग घरातल्या सगळ्यांसोबत पुन्हा बसणं. पहिल्या रात्रीच निर्णय घेऊ नका, कारण पहिल्या रात्री प्रत्येक मोठा स्ट्रोक सारखाच भयानक दिसतो.

विसराची सुरुवात असतानाच माणसाची इच्छा विचारून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. सही करणाऱ्याला समजत असतानाच ते चालतं, नंतर मुलांना करता येत नाही.

दादर_ज्वारी

घरी सोडल्यावरचं राहिलं. शुगरची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लेमाइड चालू असेल आणि खाणं निम्म्यावर आलं असेल तर डोस डॉक्टरांना विचारून कमी करा. रात्री शुगर उतरली तर तो माणूस घरच्यांना उठवूही शकत नाही. अशा पेशंटमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८ च्या खाली राहिलं तरी चालतं, ६.५ चा हट्ट नको. बीपी बसून आणि उभं करून दोन्ही मोजा. गोळ्या सात खणांच्या डबीत, देणारा एकच आणि गिळल्यावर तोंड उघडून बघणारा तोच. आणि ॲम्लोडिपिन, ॲटोरव्हास्टॅटिन साध्या गोळ्या कुटून चालतात. एसआर, एक्सआर, ईआर लिहिलेल्या (हळूहळू औषध सोडणाऱ्या) कुटू नका.

सातपुडी

गिरणामाई ताई, आंबील किती दाट म्हणजे दाट? इथे प्रत्येक घरात वेगळी होते.

गिरणामाई

१० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या, तिच्या खुणा शून्यापासून १० पर्यंत ६१.५ मिमी भरायला हव्यात, नाहीतर माप चुकतं. दट्ट्या काढा, टोकावर बोट ठेवा, १० पर्यंत आंबील भरा, बोट काढून बरोबर १० सेकंद मोजा, पुन्हा बोट ठेवा. ४ ते ८ मिली उरली तर सौम्य दाट, ८ च्या वर उरली तर मध्यम दाट किंवा त्याहून दाट. कोणती लागेल ते गिळणं तपासणारी व्यक्ती ठरवेल. गाळून घ्या, गुठळी नको. कोमट असताना मोजा, कारण गार झाली की आणखी घट्ट होते. उष्टा चमचा मुख्य वाटीत बुडवू नका. लाळेनं पीठ पातळ होतं आणि शेवटचे चार घोट पाण्यासारखे जातात. लहान वाटीत काढून घ्या.

दाट केलं की माणूस कमी पितो, हे मात्र विसरू नका. किलोमागे साधारण ३० मिली धरा, म्हणजे ५० किलोला दिवसाला दीड लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. भिंतीवर कागद लावून प्रत्येक वाटी लिहा. संध्याकाळी सहाला एक लिटरच्या खाली असेल आणि लघवी गडद असेल तर रात्र उजाडायची वाट बघू नका, नळी किंवा सलाईनसाठी त्याच वेळी दाखवा.